न्यायही हवा, दयाही हवी



एखादी भयंकर घटना घडली, की आपल्याही तोंडून सहज निघते, ‘त्याला फाशीच द्या!’ तो संताप समजण्यासारखा आहे. परंतु ज्या क्रूसापुढे आपण गुडघे टेकतो, त्यावर मृत्युदंड भोगणारा निर्दोष प्रभू आहे. पिलाताला त्याच्याठायी दोष आढळला नव्हता. तरीही तो जमावाच्या आरोळीपुढे नमला (लूक २३:१३-२५).

आपल्याच राज्यातील एक खटला पाहू या. २००३ साली नाशिकजवळ मळ्यातील एका झोपडीवर दरोडा पडला. पाच जणांची हत्या झाली, मायलेकींवर अत्याचार झाले. भटक्या जमातीतील सहा गरीब माणसांना अटक झाली. २००९ साली सर्वोच्च न्यायालयाने सहाही जणांना फाशी सुनावली. त्यांपैकी एक जण गुन्ह्याच्या वेळी अल्पवयीन होता, हे पुढे सिद्ध झाले. फेरविचार झाला आणि मार्च २०१९ मध्ये त्याच न्यायालयाने सर्वांना निर्दोष ठरविले. बचावलेल्या मातेने पोलिसांकडील छायाचित्रांतून वेगळ्याच चौघांना ओळखले होते. ती गोष्ट दडवली गेली होती. प्रत्येकाला पाच लाख रुपये भरपाई देण्याचा आदेश झाला. फाशी दिली गेली असती, तर ही भरपाई कोणाच्या हाती ठेवली असती? आणि त्या दुःखी मातेला तरी न्याय मिळाला असता का?

संविधानाच्या कलम ७२ नुसार राष्ट्रपतींना आणि कलम १६१ नुसार राज्यपालांना दयेचा अधिकार आहे. ती कोणाची मेहेरबानी नव्हे; न्यायालयाच्या नजरेतून निसटलेले पाहण्याची ती शेवटची संधी आहे. दयेचा अर्ज विनाकारण वर्षानुवर्षे पडून राहिला, तर फाशीऐवजी जन्मठेप देता येते, असेही सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली स्पष्ट केले.

पोप फ्रान्सिस यांनी २०१८ साली कॅथलिक धर्मशिक्षण ग्रंथातील परिच्छेद २२६७ मध्ये बदल करून मृत्युदंड अस्वीकार्य असल्याचे शिकविले. गुन्हा कितीही घोर असो, माणसाची प्रतिष्ठा नष्ट होत नाही. गुन्हेगाराला मोकळे सोडावे, असा याचा अर्थ नाही. समाजाचे रक्षण व्हावे, पीडितांना आधार मिळावा. मात्र पश्चात्तापाची वाट कोणासाठीही बंद होऊ नये.

या आठवड्यात कौटुंबिक प्रार्थनेत आपण पीडित कुटुंबांसाठी, न्यायाधीशांसाठी आणि फाशीच्या छायेतील बंदिवानांसाठी प्रार्थना करू या. आणि स्वतःला विचारू या: पिलातापुढील त्या जमावात आपण असतो, तर काय ओरडलो असतो?