पॅड बदलण्याआधी कॅलिपर सोडवा

मागचे ब्रेक बदलायचे म्हटलं की आपण नव्या पॅडचा भाव विचारतो. पेण-रोह्याच्या हवेत मात्र दुखणं बऱ्याचदा पॅडमध्ये नसतंच, पॅड धरणाऱ्या कॅलिपरमध्ये असतं. लहान गाड्यांना मागे बहुतेक ड्रम असतात. माझ्या जुन्या सेडानला चारही चाकांना डिस्क आहेत. भिसे खिंड उतरून रोह्यात पोचलं की तिचं मागचं डावं चाक बाकीच्यांपेक्षा जास्त तापलेलं असायचं. जळका वास यायचा, मायलेजही घसरलं होतं. एका गॅरेजात नवे पॅड घालून दिले. पावसाळा सरेपर्यंत त्याच चाकाचा आतला पॅड पत्र्यापर्यंत झिजला होता आणि बाहेरचा जवळपास नवा होता. कॅलिपर अडकलेलाच होता, त्याने नवे पॅडही खाल्ले.

आपल्याकडे हे जास्त का होतं? रायगडात वर्षाला सरासरी 3000 मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. त्यात धरमतर खाडीकडची खारी हवा आणि महामार्गाचा चिखल. शिवाय ब्रेक मारताना गाडीचा भार पुढे जातो, त्यामुळे मागच्या ब्रेकना काम कमी पडतं, ते फारसे तापत नाहीत आणि ओल आत टिकून राहते. स्लायडिंग पिनचं रबरी बूट एकदा फाटलं की पाणी आत शिरतं, पिन गंजते आणि कॅलिपर मागेपुढे सरकेनासा होतो.

माझं चाक खोललं तेव्हा नेमकं हेच निघालं. ते सोडवताना जे कळलं, ते क्रमाने सांगतो.

आधी सुरक्षितता. मागच्या चाकाचं काम हँडब्रेक सोडूनच करावं लागतं, म्हणून सपाट जागा निवडा, पुढच्या चाकांना दोन्ही बाजूंनी दगड लावा आणि नुसत्या जॅकवर विसंबू नका, गाडीखाली स्टँड ठेवा. ब्रेकची धूळ फुंकून उडवू नका, ब्रेक क्लीनरने ओली करून पुसा.

मग चोर शोधा. चाक हाताने फिरत नसेल तर हँडब्रेकची केबल कॅलिपरच्या लिव्हरवरून काढा. लगेच मोकळं झालं तर केबल ओढलेली आहे. तरीही जड असेल तर नळी लावून ब्लीडिंग निप्पल किंचित सैल करा. ऑइल उसळून चाक सुटलं तर दाब आत अडकला होता. रबरी होज आतून फुगून बंद झालेला असू शकतो. तरीही सुटलं नाही, तर पिन किंवा पिस्टन जाम आहे.

जाम पिनवर हातोडा चालवू नका. गंज सोडवणारं तेल मारा, रात्रभर मुरू द्या, मग पान्याने थोडं घट्ट, थोडं सैल असं आलटून पालटून फिरवत बाहेर काढा. तेल डिस्कवर किंवा पॅडवर उडू देऊ नका. पिन आणि तिचं भोक स्वच्छ करून ब्रेकसाठीचं सिलिकॉन ग्रीस लावा. साधं ग्रीस लावलं तर रबर फुगतं आणि पिन पुन्हा अडकते. फाटलेलं बूट बदलाच.

पिस्टनपाशी सगळ्यात जास्त नुकसान होतं. पुढच्या कॅलिपरचा पिस्टन सी-क्लॅम्पने सरळ दाबला की आत जातो. मागच्या पुष्कळ कॅलिपरमध्ये मात्र हँडब्रेकची आटेदार यंत्रणा असते. तिथे पिस्टन दाबत दाबत फिरवून आत घालायचा असतो. त्याच्या तोंडावरच्या खाचा त्यासाठीच असतात. तिथे सी-क्लॅम्प आवळला तर आतले आटे मोडतात. इलेक्ट्रिक हँडब्रेक असेल तर आधी गाडी सर्व्हिस मोडमध्ये टाकावी लागते. पिस्टनच्या मुलाम्यावर गंजाचे खड्डे पडले असतील तर घासत बसू नका, कॅलिपर बदला. खडबडीत पिस्टन नवं सीलही फाडतो. आणि काढलेला कॅलिपर होजला लोंबकळत ठेवू नका, तारेने बांधा.

ब्रेक ऑइलही विसरू नका. ते हवेतली ओल शोषतं. डीओटी 4 प्रतीचं कोरडं ऑइल किमान 230 अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही. ओल धरलं की ही मर्यादा 155 अंशांवर येऊ शकते. घाट उतरून खोपोलीला येणाऱ्यांनी हा फरक ध्यानात ठेवावा आणि साधारण दोन वर्षांनी ते बदलावं.

चाक बसवल्यावर पेडल कडक होईपर्यंत दाबा, मगच गाडी हलवा. थोडं चालवून चाकाजवळ हात न्या, चिकटवू नका. दोन्ही बाजूंची ऊब सारखी हवी. पावसाळ्यात गाडी बरेच दिवस उभी ठेवायची असेल तर सपाटीवर गिअरमध्ये ठेवा, चाकांना दगड लावा आणि हँडब्रेक मोकळा सोडा.

हे सगळं स्वतः करायलाच हवं असं नाही. होज बदलणं, एअर काढणं ही कामं जाणत्या मिस्त्रीकडेच द्या. पण गाडी ताब्यात घेताना विचारा, "दादा, पिन काढून साफ केल्या का? जुने पॅड दाखवा." आतला आणि बाहेरचा पॅड शेजारी ठेवा. झीज सारखी नसेल, तर कॅलिपर तपासल्याशिवाय पैसे देऊ नका.