समुद्रांतील घळ व पाणबुड्याचा श्वास

विहिरींत पोहावयास शिकतांना आपणांस पहिला धडा मिळतो तो श्वास रोखून धरण्याचा. पाठीस भोपळा बांधून शिकलेल्यांस हाच धडा व वडील माणसाच्या हाताच्या आधारानें शिकलेल्यांसही हाच. "दम धर आणि बुडी मार," असें काठावरून सांगितलें जातें, व तें योग्यच आहे. परंतु पाठीवर हवेचें नळकांडें बांधून समुद्रतळाकडे जाणाऱ्या पाणबुड्यास पहिल्याच दिवशीं याच्या नेमकें उलट सांगतात: कांहीं झालें तरी श्वास रोखूं नको. एकाच पाण्यांत उतरणाऱ्या दोघांस असे परस्परविरुद्ध नियम कां, हें या लेखांत समजावून देण्याचा आमचा यत्न आहे. अलीकडे सुटींत मालवण-तारकर्लीस जाऊन समुद्राचा तळ पाहून आलेलीं मुलें वर्गांत सांपडूं लागलीं आहेत. तेव्हां हा प्रश्न केवळ पुस्तकी राहिलेला नाहीं, आणि पालकांनींही हीं पानें वाचावींत अशी आमची त्यांस विनंती आहे.

विषय नीट ध्यानांत यावा म्हणून प्रथम आपण दूरच्या एका स्थळीं जाऊं. स्कॉटलंडच्या पश्चिमेस हेब्रिडीज नांवाची बेटांची रांग आहे. तिच्याही पलीकडे, सुमारें ६४ किलोमीटरांवर, अटलांटिक महासागराच्या उघड्या पाण्यांत सेंट किल्डा हा लहानसा द्वीपसमूह आहे. हिर्टा हें त्यांतील मुख्य बेट. सोए, डून व बोरेरे हीं त्याचीं भावंडें. आणि स्टॅक ली व स्टॅक ॲन आर्मिन हे दोन उघडेबोडके सुळके समुद्रांतून एकदम वर आलेले. हिर्टावरील सर्वांत उंच शिखर ४३० मीटरांचें असून त्याचा कडा जवळजवळ सरळ पाण्यांत उतरतो. साडेपांच-सहा कोटि वर्षांपूर्वीं येथें ज्वालामुखी होता. हीं बेटें म्हणजे त्याचा झिजून उरलेला अवशेष होय. येथें शेंकडों वर्षें माणसें राहत असत. समुद्रपक्षी व त्यांचीं अंडीं हें त्यांचें मुख्य अन्न, आणि दोराला लोंबकळून कडे उतरणें हा पुरुषांचा नित्याचा उद्योग. वस्ती घटत घटत १९३० सालीं अवघीं ३६ माणसें उरलीं, व त्या वर्षीं २९ ऑगस्ट रोजीं तीं सर्व स्वतःच्याच विनंतीवरून बेट सोडून गेलीं. युनेस्कोनें १९८६ सालीं या बेटांस जागतिक वारशांत स्थान दिलें, आणि २००४ सालीं सभोंवारच्या समुद्रासही तो मान मिळाला. आपणांस जावयाचें आहे तें त्या समुद्रांत. आमची स्वतःची मजल विहिरीच्या पलीकडे गेलेली नाहीं, हें येथेंच सांगून टाकतों. जे तेथें उतरले त्यांनीं पाहिलेलें आम्ही येथें सांगत आहों.

येथील कडा पाण्याच्या पृष्ठभागाशीं संपत नाहीं. ज्या सरळपणें तो वर चढला आहे त्याच सरळपणें तो खालीं जातो. खडकांत जेथें मूळच्या भेगा होत्या, अथवा भेगांत शिरून थिजलेल्या शिलारसाच्या पट्ट्या होत्या, तेथें लाटांनीं ठिसूळ भाग कोरून काढला व अरुंद घळी पाडल्या. सह्याद्रीच्या कड्यांत पावसाच्या ओढ्यांनीं पाडलेल्या घळी आपण पाहतों. तशाच या, मात्र ओढ्याच्या जागीं सबंध महासागर. कांहीं घळी इतक्या चिंचोळ्या कीं दोन माणसें शेजारीं शेजारीं जेमतेम जाऊं शकतील. बोरेरेजवळच्या एका सुळक्याच्या पोटांत तर आरपार कमान आहे, आणि ती सर्वस्वीं पाण्याखालीं बुडालेली आहे.

पाणी विलक्षण स्वच्छ. बेटांवर मोठी नदी नाहीं, म्हणून गाळ नाहीं. मुख्य भूमीही दूर. त्यामुळें सूर्यप्रकाश खोलवर पोंचतो, व केल्प नांवाचें तपकिरी समुद्रशैवाल ३० मीटरांहूनही अधिक खोलीपर्यंत रान माजवून राहतें. ऊंसाच्या फडाप्रमाणें ताठ उभे दांडे, व प्रत्येकाच्या टोंकास हाताच्या पंजासारखें चिरलेलें चिवट पान. त्याच्या बुडाशीं जें मूळ दिसतें तें खरोखर मूळ नव्हे. खडकास धरून ठेवणारी ती केवळ मूठ आहे; पोषण पान पाण्यांतूनच घेतें. या रानाखालीं उतरलें, अथवा घळीच्या सावलींत शिरलें, कीं शैवाल संपतें आणि उघडी भिंत लागते. पाणबुड्यास ती प्रथम राखी-हिरवी व कांहींशी उदास दिसते. सूर्याच्या किरणांतील तांबडा रंग पाणी वरच्या थोड्याशा मीटरांतच गिळून टाकतें, मग तो खालीं दिसावा कोठून? परंतु हातांतील दिवा लावतांच त्याच भिंतीवर गुलाबी, नारिंगी, हिरव्या व जांभळ्या फुलांचे ताटवे प्रकट होतात.

फुलें म्हटलें खरें, पण हे प्राणी आहेत. इंग्रजींत त्यांच्या नांवांत रत्नाचा उल्लेख येतो, म्हणून आपण त्यांस रत्नपुष्पें म्हणूं. एकेक पुष्प सुमारें एक सेंटिमीटर रुंद. भोंवतीं बारीक सोंडांचें कडें, व प्रत्येक सोंडेच्या टोंकास टांचणीच्या डोक्यासारखी गुंडी. शास्त्रज्ञ त्यांस पोंवळ्याचे जवळचे नातलग मानतात. त्यांच्या रंगांची मांडणी मोठी पाहण्यासारखी असते. रंग एकमेकांत मिसळलेले नसून गोधडीच्या ठिगळांप्रमाणें निरनिराळे असतात. हा एक पट्टा सगळा हिरवा, त्यास लागून दुसरा सगळा गुलाबी. याचें कारण असें कीं हा प्राणी मधोमध दुभंगून एकाचे दोन होतो, दोहोंचे चार होतात, आणि असेच वाढत जातात. एका ठिगळांतील शेंकडों पुष्पें मूळच्या एकाच जिवाचे भाग होत, म्हणून सर्वांचा रंग एक. शेजारीं स्पंज असतात, आणि 'मृताचीं बोटें' असें भयानक नांव मिळालेलें एक मऊ पोंवळेंही असतें. यांपैकीं कोणीही भक्ष्याचा पाठलाग करीत नाहीं. पाणी जें घेऊन येईल तें वेंचून घ्यावयाचें, असा यांचा संसार. म्हणूनच जेथें लाटा जोरानें घुसतात अशा घळींत यांची दाटी अधिक.

हा लाटांचा जोर पाणबुड्याच्या मात्र सोयीचा नसतो. लाट आली कीं घळींतील सगळें पाणी माणसासकट आंत सरकतें, व क्षणभरानें तितक्याच वेगानें मागें ओढतें. अनुभवी पाणबुडे तिच्याशीं झुंजत नाहींत. ओढ संपेपर्यंत थांबतात व अनुकूल लोटाबरोबर पुढें जातात. समुद्र खवळलेला असेल तर ते घळींत शिरतच नाहींत. पाणी ऐन उन्हाळ्यांतही १२-१३ अंशांपलीकडे फारसें तापत नाहीं, म्हणून अंगांत जाड पोशाख असावा लागतो. हें सर्व अवघड खरें. तथापि ज्या शत्रूस पाणबुडा सर्वांत अधिक भितो तो लाट नव्हे, थंडी नव्हे, मासाही नव्हे. तो दाब होय.

आपल्या डोक्यावर हवेचा जो भार आहे त्यास एक वातावरणाचा दाब म्हणतात. समुद्रांत दर १० मीटर खोलीस तेवढाच दाब आणखी वाढतो. अर्थात् ३० मीटरांवर तो चौपट होतो. रॉबर्ट बॉइल यानें १६६२ सालीं प्रसिद्ध केलेला नियम नववी-दहावीच्या विद्यार्थ्यांस ठाऊक असेलच: दाब दुप्पट झाला कीं वायूचें आकारमान निम्में होतें, व दाब निम्मा झाला कीं तें दुप्पट होतें. आतां विहिरींत बुडी मारणाऱ्या मुलाचा विचार करा. त्यानें काठावर ६ लिटर हवा छातींत भरली असें समजूं. तो १० मीटर खोल गेला तर तिचे ३ लिटर होतील. वर येतांना ती फुगत फुगत पुन्हां ६ लिटर होईल. घेतली तेवढीच परत. त्याचा दम संपून तो घाबरा होईल, बेशुद्धही पडेल, आणि तें भय लहान नव्हे. परंतु त्याचीं फुप्फुसें हवेनें फाटणार नाहींत.

नळकांडें बाळगणाऱ्याची गोष्ट निराळी. हें यंत्र १९४३ सालीं फ्रान्समध्यें झाक कुस्तो व एमिल गान्यां या दोघांनीं सिद्ध केलें. त्याचें मर्म नळकांड्यांत नसून त्याच्या झडपेंत आहे. पाणबुड्यानें श्वास घेतांच ती उघडते, आणि भोंवतालच्या पाण्याचा जितका दाब तितक्याच दाबाची हवा त्यास देते. तसें न केलें तर पाण्याच्या भारापुढें छाती फुलणारच नाहीं. म्हणजे १० मीटरांवर तो छातींत ६ लिटर हवा भरतो ती दुप्पट दाबाची. ती कोंडून तो वर आला, तर तिला १२ लिटरांची जागा हवी. ३० मीटरांवरून आला तर २४ लिटरांची. छाती रबराचा फुगा नव्हे. फुप्फुसांचीं सूक्ष्म पडळें फाटतात, हवेचे बुडबुडे रक्तांत शिरतात, व मेंदूपर्यंत गेल्यास माणूस जागच्या जागीं निकामी होतो.

येथें एक गोष्ट पुष्कळांच्या ध्यानांत येत नाहीं. ३० मीटरांवरून २० मीटरांवर येतांना दाब चारांवरून तिनांवर येतो, व हवा एकतृतीयांशानें फुगते. परंतु १० मीटरांवरून पृष्ठभागीं येतांना ती दुप्पट होते. खोली कमी तितका फुगवटा अधिक वेगाचा. पूर्ण भरलेली छाती कोंडून दीड मीटरासारख्या उथळ पाण्यांतून वर आलेल्यांसही इजा झालेली आहे. तेव्हां "पाणी फार खोल नाहीं, मुलास काय व्हावयाचें आहे?" असें होडींत बसून म्हणणाऱ्या पालकांचें म्हणणें बुडण्यापुरतें ठीक असेल, दाबाच्या बाबतींत तें अगदींच चुकीचें आहे. भ्यालेलें मूल काय करतें? छातीभर हवा ओढतें, तोंड मिटतें, आणि वर झेंपावतें. विहिरीनें त्यास हेंच शिकविलेलें असतें. म्हणून पाण्यांत उतरण्यापूर्वीं, होडींतच, मुलाकडून वदवून घ्यावें कीं वर येतांना श्वास चालूच ठेवीन; तोंडांतील नळी सुटलीच तर बारीक 'आ' करून बुडबुडे सोडीत येईन. तसेंच सर्दी झालेल्या मुलास त्या दिवशीं काठावरच ठेवावें, कारण घशाकडून कानांत जाणारी नळी चोंदलेली असली तर दाबानें कानाचा पडदा फाटूं शकतो. दमा असणाऱ्यांनीं वैद्यांस विचारल्यावांचून हा बेत करूंच नये.

दाबाचा दुसरा फांस अधिक गुप्त आहे. हवेंत शेंकडा ७८ भाग नायट्रोजन असतो. एरवीं तो श्वासाबरोबर येतो व जातो. पण दाब वाढला कीं तो रक्तांत व शरीरांत विरघळूं लागतो. सोडावॉटरच्या बाटलींत दाबून भरलेला वायु झांकण घट्ट असेतों दिसत नाहीं, आणि तें उघडतांच फेंस होऊन उसळतो. खोल पाण्यांतून घाईनें वर येणाऱ्या माणसाचें शरीर म्हणजे एकाएकीं उघडलेली बाटलीच होय. सांधे असह्य दुखतात, कधीं पाय लुळे पडतात, क्वचित् प्राण जातो. न्यूयॉर्कमधील ब्रुकलिन पुलाचा पाया दाबाच्या हवेंत बसून खणावा लागला; त्या कामावरील मुख्य इंजिनियर वॉशिंग्टन रोब्लिंग हा १८७२ सालीं याच दुखण्यानें खिळला. यास कारण नायट्रोजनचे बुडबुडे, हें फ्रान्सच्या पॉल बेर यानें १८७८ सालीं दाखवून दिलें.

त्यावरील उपाय स्कॉटलंडमध्येंच जन्मलेल्या जॉन स्कॉट हॉल्डेन या शास्त्रज्ञानें शोधला. त्यानें बकऱ्यांस दाबाच्या खोलींत ठेवून प्रयोग केले, व त्यांवरून असें ठरविलें कीं दाब एकदम निम्म्यापर्यंत उतरविला तर शरीर तें सोसतें. पुढें मात्र टप्प्याटप्प्यानें, थांबत थांबत यावें. १९०६ सालीं स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्यावर रॉथसे येथें नौदलाच्या पाणबुड्यांनीं ही रीत समुद्रांत पडताळली. त्या वेळीं हॉल्डेनचा १३ वर्षांचा मुलगाही पाणबुड्याचा पोशाख चढवून पाण्यांत उतरला. पोशाख मोठ्या माणसाचा, म्हणून आंत पाणी झिरपूं लागलें, तरी पोरगा डगमगला नाहीं. हाच मुलगा पुढें जे. बी. एस. हॉल्डेन म्हणून प्रसिद्धीस आला. १९५७ सालीं तो भारतांत येऊन राहिला, येथील नागरिक झाला, व १९६४ सालीं भुवनेश्वर येथें वारला. बापानें प्रयोगासाठीं स्वतःचें मूल पाण्यांत सोडावें कीं नाहीं, यावर पालकांत मतभेद होतील. आमच्या मतें त्या पोशाखाचें माप तरी आधीं पाहावयास हवें होतें.

हॉल्डेनचीं कोष्टकें १९०८ सालीं प्रसिद्ध झालीं. पुढें त्यांत पुष्कळ सुधारणा झाल्या, पण हळू वर येण्याचें तत्त्व कायम आहे. आज सामान्य पाणबुडा मिनिटास ९-१० मीटरांहून अधिक वेगानें चढत नाहीं, आणि पृष्ठभागाखालीं ५ मीटरांवर तीन मिनिटें थांबतो. सेंट किल्डाच्या घळींतून बाहेर पडलेल्या माणसास हीं तीन मिनिटें केल्पच्या हेलकावणाऱ्या पानांवर तरंगत घालवावीं लागतात. वर होडी स्पष्ट दिसत असते, तरी हात लावावयाचा नाहीं.

हवेचा सांठाही या हिशेबांत धरावा लागतो. १२ लिटरांच्या नळकांड्यांत २०० वातावरणांच्या दाबानें हवा भरली असतां ती पृष्ठभागावरील मापानें २४०० लिटर होते. मिनिटास २० लिटर लागतात असें धरल्यास काठावर बसून ती दोन तास पुरेल. ३० मीटरांवर मात्र प्रत्येक श्वासास चौपट हवा जाते, म्हणून अर्धाच तास. त्यांतूनही ५० वातावरणांचा सांठा शिल्लक राखून वर यावयाचें असतें.

वरच्या वर्गांतील विद्यार्थ्यांनीं पुढील उदाहरण घरीं सोडवून आपल्या गणिताच्या शिक्षकांस दाखवावें. नळकांडें १० लिटरांचें. दाब २०० वातावरणें, त्यांपैकीं ५० शिल्लक ठेवावयाचीं. पृष्ठभागीं दर मिनिटास हवा २० लिटर लागते. खोली २० मीटर. पाणबुड्यानें किती मिनिटांनीं वर निघावें?