विश्वस्त निवडताना : अमानत कोणाच्या हाती?



मशीद, मदरसा किंवा जकात वाटणाऱ्या संस्थेचे विश्वस्त आपल्याकडे पुष्कळदा जुम्याच्या नमाजनंतर दहा मिनिटांत निवडले जातात. एकजण नाव सुचवतो, दोघे माना डोलावतात आणि बाकीचे चपला शोधू लागतात. ज्या हातांत अनाथांचा घास आणि मुलांचे शिक्षण सोपवायचे, ते हात इतक्या घाईने निवडावेत काय?

सूरह अन्-निसाच्या 58व्या आयतीत अल्लाहने अमानती त्यांच्या हक्कदारांच्या स्वाधीन करण्याची आज्ञा दिली आहे. पद आणि जबाबदारी हीदेखील अमानतच होय, असे विद्वानांनी या आयतीच्या विवरणात सांगितले आहे. म्हणून पद स्वीकारणाऱ्याला जसा जाब द्यावा लागेल, तसाच ते सोपवणाऱ्यालाही.

मग पात्र कोण? सूरह अल्-कससच्या 26व्या आयतीत आदरणीय मूसा (अ.) यांना कामावर ठेवण्याची शिफारस करताना दोन गुण सांगितले आहेत : सामर्थ्य आणि विश्वासूपणा. सूरह यूसुफच्या 55व्या आयतीत आदरणीय यूसुफ (अ.) राज्याचे कोठार सांभाळण्यास पुढे होतात, तेव्हा जतन करण्याची वृत्ती आणि त्या कामाचे ज्ञान यांचा उल्लेख करतात. केवळ सज्जनपणा पुरत नाही. आदरणीय अबूजर (रजि.) यांच्या प्रामाणिकपणाविषयी कोणाला शंका नव्हती, तरीही त्यांनी पद मागितले असता, तुम्ही या कामासाठी दुर्बल आहात, असे प्रेषितांनी (स.) त्यांना स्पष्ट सांगितले. ही हदीस सहीह मुस्लिममध्ये आहे.

येथे मला माझी एक चूक कबूल केली पाहिजे. काही वर्षांपूर्वी एका संस्थेने एका उदार देणगीदाराविषयी माझे मत विचारले. त्यांना वेळ नाही, हे मला ठाऊक होते. भिडेपोटी मी गप्प राहिलो. पुढे दोन वर्षे हिशेबाची वही कोरी राहिली आणि लोकांनी देणे थांबवले. झळ बसली ती शिकणाऱ्या मुलांना. देणगीदाराचा मान अवश्य राखावा, पण दान हे पदाचे मोल नव्हे.

आदरणीय उमर (रजि.) यांनी खैबरची जमीन वक्फ केली, तो प्रसंग पुन्हा वाचा. प्रेषितांच्या (स.) सल्ल्याने मूळ मालमत्ता राखून तिचे उत्पन्न गरीब, नातलग, वाटसरू इत्यादींसाठी ठेवले गेले. व्यवस्थापकाने रीतीप्रमाणे त्यातून खावे, मात्र संपत्ती जमवू नये, अशी अट घातली गेली. आपल्यानंतर देखरेख कोणी करावी, हेही त्यांनी लिहून ठेवले, आणि ते नाव होते त्यांची कन्या, आदरणीय हफ्सा (रजि.) यांचे. उद्देश, मर्यादा आणि वारस या तिन्ही गोष्टी ठरलेल्या होत्या. आपल्या किती संस्थांत त्या लेखी आहेत? आणि किती संस्थांत एखाद्या सुशिक्षित भगिनीचे नाव निदान सुचवले जाते?

निवडीने काम संपत नाही. नव्या विश्वस्ताला घटना, मालमत्तेची कागदपत्रे आणि मागील हिशेब आधी वाचावयास द्यावेत. प्रत्येकाकडे एक निश्चित काम असावे : एकाकडे हिशेब, एकाकडे इमारत, एकाकडे शिक्षण. सूरह अश्-शूराच्या 38व्या आयतीत ईमानधारकांचे व्यवहार परस्पर सल्लामसलतीने चालतात, असे म्हटले आहे. म्हणून बैठक ठरलेल्या दिवशी व्हावी आणि इतिवृत्त लिहिले जावे. जकातीची रक्कम स्वतंत्र खात्यात असावी. जकात गोळा करणाऱ्या एका अधिकाऱ्याने काही वस्तू मला भेट मिळाल्या म्हणून वेगळ्या ठेवल्या, तेव्हा प्रेषितांनी (स.) मिंबरवरून त्याची निर्भर्त्सना केली होती. हिशेब मागणे म्हणजे अविश्वास नव्हे; ती विश्वस्ताच्या अब्रूची राखण आहे.

कायद्याचेही भान ठेवा. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाखाली नोंदलेल्या संस्थेत विश्वस्त बदलल्यास 90 दिवसांच्या आत धर्मादाय कार्यालयात बदल अर्ज सादर करावा लागतो. हे राहून गेले, की वाद उद्भवतात आणि कामे अडतात.

पुढच्या निवडीच्या वेळी चपला शोधण्यापूर्वी क्षणभर थांबा आणि स्वतःला विचारा : माझ्या पश्चात माझ्या लेकरांचा वाटा मी याच व्यक्तीच्या हाती ठेवला असता काय? उत्तर नकारार्थी असेल, तर मान डोलावू नका.

अल्लाह आपणा सर्वांना अमानत ओळखण्याची व ती पात्र हातांत सोपवण्याची सद्बुद्धी देवो. आमीन.