खोर फक्कानच्या डोंगरांतून दगड का सुटतात?

शारजाहून खोर फक्कानला जाणारा 89 किलोमीटरचा महामार्ग 2019 मध्ये सुरू झाला. वाटेतले हजर पर्वताचे उघडेबोडके डोंगर पाहून प्रश्न पडतो: इथे पाऊस इतका कमी, मग दरड कशी कोसळते?

उत्तर खडकात आहे. सह्याद्रीचा बेसॉल्ट लाव्हाच्या आडव्या थरांनी बनला. इथले गॅब्रो आणि पेरिडोटाइट मात्र सुमारे 9.5 कोटी वर्षांपूर्वीच्या समुद्रतळाखालचे. भूपट्टांच्या रेट्याने ते जमिनीवर चढले आणि त्यात उभ्या-आडव्या भेगा पडल्या. पेरिडोटाइटमध्ये पाणी मुरलं की सर्पेंटाइन हे गुळगुळीत खनिज तयार होतं. भेग रस्त्याच्या दिशेने उतरती असेल, तर वरचा दगड बऱ्याच अंशी घर्षणावरच टिकून असतो.

2014 मध्ये माळीणला पावसाने भिजलेली माती चिखल होऊन घरांवर आली. इथे उतारावर माती जवळपास नाहीच, त्यामुळे पाणी थेट भेगांत शिरतं. 10 मीटर खोल भेग पाण्याने भरली, तर तळाशी दर चौरस मीटरला सुमारे 10 टन दाब येतो. त्याने घर्षण घटतं. पाचरीसारखे अडकलेले बारीक दगडही वाहून जातात.

म्हणून मोठ्या पावसात, आणि तो थांबल्यावरही काही काळ, कापलेल्या डोंगराखाली गाडी उभी करू नका. कड्यावर ताजा, फिकट व्रण किंवा पायथ्याशी नवे दगड दिसले, तर तिथे फोटोसाठीसुद्धा थांबू नका.