शेतकरी खत का घेत नाही? सिद्धांत आणि प्रत्यक्ष पाहणी

प्रत्येक व्यक्ती लाभ-हानीचा पुरता हिशेब करूनच निर्णय घेते, असे सूक्ष्म अर्थशास्त्राची पाठ्यपुस्तके गृहीत धरतात. हर्बर्ट सायमन यांनी १९५५ मध्येच हे गृहीतक अपुरे ठरविले. माहिती, वेळ आणि आकलनशक्ती मर्यादित असल्याने माणूस सर्वोत्तम पर्याय शोधत बसत नाही, पुरेसा वाटेल तो स्वीकारतो, असे त्यांचे प्रतिपादन होते. १९७८ साली त्यांना अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. तथापि माणूस नेमका कोठे अडतो, हे केवळ तर्काने ठरत नाही. त्यासाठी बांधावर जावे लागते.

एस्थर डफ्लो, मायकेल क्रेमर आणि जोनाथन रॉबिन्सन यांनी पश्चिम केनियातील बुसिया भागात अशी पाहणी केली. तेथील मुख्य पीक मका. पीक गुडघ्याएवढे झाल्यावर प्रत्येक रोपाला अर्धा लहान चमचा वरखत दिल्यास एका हंगामात सरासरी ३६ टक्के परतावा मिळतो, असे शेतकऱ्यांच्याच शेतांवरील प्रयोगांत आढळले. खत थोडेथोडेही विकत मिळत होते. तरीही बहुसंख्य शेतकरी ते वापरीत नव्हते.

अशा वेळी शेतकऱ्याच्या अज्ञानाला दोष देणे सोपे असते. कार्यालयात बसून तेच कारण प्रथम सुचते! परंतु प्रात्यक्षिकात सहभागी झालेल्यांपैकी जवळजवळ ९८ टक्के शेतकऱ्यांनी पुढील हंगामात खत घेण्याचा मनोदय सांगितला होता. प्रत्यक्षात घेतले ते सुमारे ३७ टक्क्यांनी. म्हणजे माहिती होती, इच्छाही होती. सुगीत हाती पैसा असतो तेव्हा खताची निकड नसते. ‘घेऊ सावकाश’ म्हणता म्हणता पैसा घरखर्चात विरतो आणि वरखताची वेळ येते तेव्हा गाठीला काही उरत नाही.

हा तर्क खरा की खोटा, हे पडताळण्यासाठी चिठ्ठ्या टाकाव्यात त्याप्रमाणे शेतकऱ्यांचे गट पाडण्यात आले. एका गटाकडे काढणी होताच प्रतिनिधी गेला. खत बाजारभावानेच, मात्र पैसे आता भरल्यास ते वेळेवर विनामूल्य घरपोच मिळेल, एवढीच सवलत. दुसऱ्या गटाला हीच घरपोच सवलत वरखताच्या सुमारास देण्यात आली, तर तिसऱ्यास त्याच वेळी निम्म्या किमतीत खत देऊ करण्यात आले. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेले निष्कर्ष बोलके आहेत. सुगीतील किरकोळ सवलतीने खताचा वापर जवळजवळ तेवढाच वाढला, जेवढा नंतरच्या निम्म्या किमतीने वाढला. उशिरा दिलेल्या घरपोच सवलतीचा मात्र लक्षणीय परिणाम झाला नाही.

या पुराव्यावरून संशोधकांनी सिद्धांताची मांडणी बदलली. ‘उद्या आपण अधिक संयमाने वागू’ असे मानणारा आणि म्हणून आजची खरेदी पुढे ढकलणारा शेतकरी त्यांनी आपल्या गणितात घेतला. मोठ्या अनुदानामुळे आधीच खत वापरणारे ते गरजेपेक्षा अधिक टाकू लागण्याचा संभव असतो. सुगीतील लहान सवलतीत हा धोका कमी, असेही हे गणित दाखविते. योजना थांबताच पुढील हंगामांत वाढलेला वापर टिकला नाही. माहितीचा अभाव हेच मूळ कारण असते, तर एकदा खताचा अनुभव घेतलेल्या शेतकऱ्याने ते पुढेही घेतले असते.