उडून जाणारे खत : रासायनिक समतोलाचा एक धडा



युरियाच्या ४५ किलोच्या गोणीत नत्र असते २० किलोंहून थोडे अधिक. आपण पैसे मोजतो ते या नत्राचे. परंतु शेतात फेकल्यावर त्यातला बराच भाग कधी कधी मुळांपर्यंत न पोहोचता हवेत उडून जातो. हे का घडते आणि कसे टाळावे, हे समजण्यासाठी आज रसायनशास्त्राचा एक नियम शिकू या.

काही क्रिया एकाच दिशेने होतात. लाकूड जळून राख झाली की राखेचे पुन्हा लाकूड होत नाही. पण कित्येक क्रिया दोन्ही दिशांनी चालतात. सोड्याच्या बाटलीत कार्बन डायऑक्साइड वायू पाण्याशी मिळून सौम्य आम्ल होते, आणि ते आम्ल फुटून पुन्हा वायू व पाणी होते. बूच घट्ट असेतोवर दोन्ही क्रिया सारख्याच वेगाने चालतात. म्हणून बाहेरून काहीच बदलताना दिसत नाही. या स्थितीला रासायनिक समतोल म्हणतात.

समतोल म्हणजे काम थांबले असे नव्हे. भर बाजारात जितकी माणसे येतात तितकीच जात असतील, तर गर्दी तेवढीच दिसते. पण माणसे सारखी बदलत असतात. तसेच हे आहे.

आता बूच काढा. वायू निघून जाऊ लागतो. त्याची जागा भरण्यासाठी आणखी आम्ल फुटते, तोही वायू जातो, आणि शेवटी सोडा मिळमिळीत होतो. फ्रेंच शास्त्रज्ञ हेन्री ल शातेलिए यांनी १८८४ साली हा नियम मांडला : समतोलावर बाहेरून बदल लादला, तर तो बदल कमी होईल त्या दिशेला समतोल सरकतो.

आपले खत याच नियमावर तयार होते. हवेतील नत्र आणि हायड्रोजन यांचा अमोनिया होतो, आणि अमोनिया फुटून पुन्हा तेच दोन वायू होतात. जर्मनीत फ्रिट्झ हाबर यांनी १९०९ साली ही क्रिया अमोनियाकडे झुकवून दाखवली आणि १९१३ साली ओपाऊ येथे त्यावर कारखाना सुरू झाला. चार भाग वायूंचे दोन भाग होतात, म्हणून दाब वाढवला की अमोनिया अधिक मिळतो. शिवाय तयार झालेला अमोनिया थंड करून, द्रवरूपात सतत काढून घेतात. तो काढला की आणखी तयार होतो. याच अमोनियापासून पुढे युरिया बनतो.

कारखान्यात जे आपल्या फायद्याचे, तेच शेतात तोट्याचे ठरते. ओल्या मातीत युरिया विरघळतो आणि मातीतील युरिएज या द्रव्यामुळे काही दिवसांत त्याचे अमोनियम होते. अमोनियम मातीच्या कणांना धरून राहते आणि पीक ते घेते. पण अमोनियम आणि अमोनिया वायू यांच्यातही दुतर्फा क्रिया चालते. वारा वरचा अमोनिया उडवून नेतो, आणि त्याची जागा भरायला आणखी अमोनियमचा वायू होतो. बूच काढलेल्या बाटलीसारखीच ही गत.

हा समतोल कोणीकडे झुकेल, हे सामूवर अवलंबून आहे. २५ अंश सेल्सियस तापमानाच्या पाण्यात सामू ७ असता हजार भागांतले सुमारे ६ भाग अमोनियाच्या रूपात असतात. सामू ८ असता सुमारे ५३, आणि ९ असता सुमारे ३६०. म्हणून चुनखडीच्या काळ्या जमिनीत धोका मोठा. तांबड्या, आम्लधर्मी जमिनीचा शेतकरीही निर्धास्त नाही, कारण विरघळणाऱ्या दाण्याभोवती सामू काही दिवस चढतो. ऊन वाढले की उडणेही वाढते.

तेव्हा समतोलाचे बूच आपणच लावायचे :

१. युरिया उघड्यावर पसरून ठेवू नये. ओळीच्या बाजूला चार-पाच सेंटिमीटर खोल देऊन मातीने झाकावा, किंवा टाकताच कोळपणी करावी.

२. झाकणे शक्य नसेल तर लगेच हलके पाणी द्यावे, म्हणजे तो मातीत उतरेल. दवाने किंवा बुरबुर पावसाने तो नुसता विरघळतो, खाली जात नाही. ही स्थिती सर्वांत वाईट.

३. चुना किंवा राख युरियाबरोबर मिसळू नये. त्यांनी सामू चढतो. जमिनीला चुना द्यायचा असेल तर काही आठवडे आधी द्यावा.

४. भातखाचरात साचलेल्या पाण्यात युरिया फेकू नये. उन्हात शेवाळ पाण्यातील कार्बन डायऑक्साइड ओढून घेते, त्यामुळे दुपारी पाण्याचा सामू चढतो. पाणी काढून, खत चिखलात मिसळून, मग पाणी भरावे.

५. सगळे खत एकदम न देता हप्त्यांनी द्यावे.

सकाळी गोठ्यात नाकाला झोंबणारा वास येतो, तोही जनावरांच्या मुतातून निघालेला अमोनियाच असतो. खाली कोरडा पेंढा किंवा माती पसरावी, तो ओला थर रोज खड्ड्यात टाकून वर मातीचा पातळ थर द्यावा. जनावरांच्या डोळ्यांना आराम मिळेल आणि नत्र उकिरड्यात टिकेल.

खत विकत घेणे जितके महत्त्वाचे, तितकेच ते मातीत राखणे महत्त्वाचे. येत्या हप्त्याला युरिया हातात घ्याल तेव्हा आधी मातीकडे, उन्हाकडे आणि वाऱ्याकडे पाहा, मगच तो टाका.