बंदर गेले, पाहुणचार उरला
ठाणे-कल्याण खाडीकाठच्या सांस्कृतिक स्थळांचा परिचय

उत्तर कोकणाच्या इतिहासात ठाणे आणि कल्याण ही दोन नावे नेहमी जोडीने येतात. आज या शहरांची ओळख मुंबईच्या उपनगरी रेल्वेवरील गजबजलेली स्थानके एवढीच झाली आहे. रोज लक्षावधी माणसे येथून ये-जा करतात. परंतु रेल्वेच्या पुलाखालून वाहणारे खाडीचे पाणी हेच या शहरांच्या जन्माचे कारण होय, याची जाणीव त्यांपैकी थोड्यांनाच असते. मुंबई पाहण्यास आलेला पाहुणा तर या बाजूस क्वचितच वळतो.

वास्तविक, दोन दिवसांची सवड काढून या खाडीकाठाने जो हिंडेल, त्याला विरंगुळा आणि इतिहास हे दोन्ही एकाच वाटेवर भेटतील. परगावच्या माणसाची सोय पाहणे हा बंदराचा स्वभावधर्म असतो. ठाणे-कल्याणचे बंदर मागे पडले, तरी हा स्वभाव मात्र टिकून राहिला. प्रस्तुत लेखात त्याच्या खुणा शोधण्याचा प्रयत्न केला आहे.

बंदराचा पूर्वेतिहास

सह्याद्रीत उगम पावणारी उल्हास नदी कल्याणजवळ खाडीचे रूप घेते. पुढे तिचा मुख्य प्रवाह घोडबंदरवरून वसईकडे जातो आणि एक अरुंद फाटा ठाण्याच्या खाडीला मिळतो. वाऱ्यावादळापासून सुरक्षित असलेल्या या जलमार्गाने गलबते थेट आतपर्यंत येत. घाटावरचा माल जुन्नरहून नाणेघाटाने उतरून याच बंदराकडे येई. सातवाहन राणी नागनिकेचा कोरीव लेख असलेला हा घाट म्हणजे कल्याणचा दरवाजाच होता.

इसवी सनाच्या पहिल्या शतकातील एका ग्रीक भाषेतील ग्रंथात, ‘पेरिप्लस’मध्ये, कल्याणचा ‘कल्लिएना’ असा उल्लेख आहे. ही एकेकाळची नियमित बाजारपेठ असून पुढे राजकीय झगड्यामुळे येथे येणारी ग्रीक जहाजे पहाऱ्यात भडोचकडे नेली जात, असे त्यात नमूद आहे. सहाव्या शतकातील कॉस्मस या प्रवाशानेही कल्याणची गणना पश्चिम किनाऱ्यावरील महत्त्वाच्या बंदरांत केली आहे.

मात्र कल्याणकरांची खरी ओळख कान्हेरीच्या लेण्यांत होते. तेथील दानलेखांत कल्याणच्या रहिवाशांची नावे अनेकदा येतात. त्यांत सामिदत्त नावाच्या सोनाराने पाण्याची पोढी दिल्याची आणि नंद नावाच्या लोहाराने वाट बांधून दिल्याची नोंद आहे. तहानलेल्यास पाणी आणि चालणाऱ्यास वाट, ही बंदरातल्या माणसांची दाने होती.

ठाणे : तलाव, ग्रंथ आणि रंगभूमी

शिलाहार राजांच्या काळात ठाणे हे ‘श्रीस्थानक’ या नावाने उत्तर कोकणाच्या राजधानीचे नगर होते. मार्को पोलोच्या वृत्तांतात ‘ताना’ या राज्याचे वर्णन आढळते. पुढे येथे पोर्तुगीजांची सत्ता आली. १७३७ मध्ये मराठ्यांनी शहर घेतले आणि १७७४ च्या अखेरीस ते इंग्रजांकडे गेले. पोर्तुगीजांनी बांधावयास घेतलेल्या किल्ल्याचे पुढे कारागृह झाले. १८१६ मध्ये त्रिंबकजी डेंगळे येथूनच निसटले आणि १९ एप्रिल १९१० रोजी अनंत कान्हेरे, कृष्णाजी कर्वे व विनायक देशपांडे यांना येथेच फाशी देण्यात आले. ठाण्याच्या फेरफटक्यात या तटासमोर क्षणभर थांबणे उचित ठरेल.

ठाण्याला तलावांचे शहर म्हणतात. त्यांपैकी स्थानकापासून सहज पायी जाता येईल असा मासुंदा तलाव हा शहराचा विसावा आहे. संध्याकाळी तलावपाळीवर फिरावयास येणारी कुटुंबे, नौकाविहाराला आसुसलेली मुले आणि भेळेच्या गाड्यांभोवतीची गर्दी हे येथील नित्याचे दृश्य. तलावाच्या परिसरातच पेशवाईत जीर्णोद्धार झालेले कोपिनेश्वराचे मंदिर आहे आणि जवळच पोर्तुगीज काळात उभे राहिलेले सेंट जॉन बाप्टिस्ट चर्च आहे. थोडे पुढे गेल्यास बेने इस्राएल समाजाचे १८७९ मधील सिनेगॉग दिसते. काही मिनिटांच्या अंतरावर तीन धर्मांची प्रार्थनास्थळे आढळावीत, हे बंदराच्या गावाचेच लक्षण होय.

तलावाच्या काठावरच १९७८ मध्ये उभारलेले राम गणेश गडकरी रंगायतन आहे. मराठी नाटकाची गोडी असलेल्या पाहुण्याने येथील प्रयोगांची जाहिरात आधी पाहून मुक्काम ठरवावा. शहरात अलीकडे डॉ. काशिनाथ घाणेकर नाट्यगृहही झाले आहे. पंडित राम मराठे यांच्या स्मरणार्थ होणारा संगीत महोत्सव रसिकांच्या परिचयाचा आहे. गीतकार पी. सावळाराम यांना या शहराने नगराध्यक्षपदही दिले होते.

ग्रंथप्रेमी प्रवाशाने मराठी ग्रंथसंग्रहालयास अवश्य भेट द्यावी. ‘महाराष्ट्र सारस्वत’कार वि. ल. भावे यांच्या पुढाकाराने १८९३ मध्ये ही संस्था स्थापन झाली. केवळ मराठी ग्रंथांच्या जतनासाठी वाहिलेल्या संस्थांत ती आद्य मानली जाते. १९६०, १९८८ आणि २०१० अशी तीन वेळा अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलने ठाण्यात भरली, त्यामागे ही वाचनाची परंपरा आहे.

खाडीवरील पाहुणे

ठाणे स्थानकाजवळील चेंदणी कोळीवाडा हा शहराच्या जुन्या भागांपैकी एक आहे. नारळी पौर्णिमेस येथील कोळी बांधव सोन्याचा मुलामा दिलेला नारळ वाजतगाजत खाडीवर नेतात. मासेमारी घटली, होड्या थोड्या उरल्या. पण हा सण खंडित झालेला नाही. श्रावणात येणाऱ्या पाहुण्यास तो पाहता येईल.

हिवाळ्यात या खाडीवर निराळेच पाहुणे उतरतात. नोव्हेंबरच्या सुमारास रोहित पक्ष्यांचे थवे येऊ लागतात आणि उन्हाळ्यापर्यंत चिखलाच्या पट्ट्यांवर त्यांची गुलाबी रांग दिसते. २०१५ मध्ये शासनाने येथे ठाणे खाडी फ्लेमिंगो अभयारण्य घोषित केले आणि २०२२ मध्ये खाडीचा समावेश रामसर पाणथळ स्थळांच्या आंतरराष्ट्रीय यादीत झाला. ऐरोली येथील किनारी व सागरी जैवविविधता केंद्रातून वन विभागाची नौका निघते. तिच्या वेळा भरती-ओहोटीवर अवलंबून असल्याने त्यांची चौकशी आधीच करणे हिताचे. पूर्वी गलबतेही याच भरतीची वाट पाहत असत.

खाडीकाठचा रेल्वेप्रवास

१६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून सुमारे चारशे प्रवाशांना घेऊन निघालेली चौदा डब्यांची गाडी ३४ किलोमीटर अंतर कापून ठाण्यास पोचली. १ मे १८५४ रोजी लोहमार्ग कल्याणपर्यंत पोचला. मुंबई बंदराच्या उत्कर्षाने आणि खाडीत साचत चाललेल्या गाळाने आधीच क्षीण झालेल्या जलवाहतुकीला हा नवा मार्ग भारी पडला. ज्या गावांना पाण्याने मोठे केले, त्यांना आता रेल्वेने मोठे केले.

ठाण्याहून कल्याणकडे जाताना पाहुण्याने जलद गाडीचा मोह टाळून धीम्या गाडीत डाव्या बाजूची खिडकी धरावी. अर्थात गर्दीची वेळ सोडून. कळव्याचा पूल ओलांडला की मुंब्र्यापाशी एका बाजूस पारसिकचा डोंगर आणि दुसऱ्या बाजूस खाडी असा सुरेख देखावा लागतो. याच डोंगरातून १९१६ मध्ये खुला झालेला पारसिकचा बोगदा जातो. पावसाळ्यात डोंगरावरून झरे कोसळत असतात, तेव्हा हा अर्ध्या तासाचा प्रवास म्हणजे एक सहलच ठरते.

कल्याण : आरमाराची पहिली पायरी

कल्याणमध्ये प्रथम पाहावयाचा तो दुर्गाडी किल्ला. १६५७ मध्ये कल्याण-भिवंडीचा मुलूख स्वराज्यात आला आणि छत्रपती शिवाजी महाराजांनी याच खाडीत लढाऊ गलबते बांधण्यास प्रारंभ केला. त्या कामावर काही काळ पोर्तुगीज कारागीरही होते. मराठ्यांच्या आरमाराची सुरुवात झाली ती येथे. तटबंदीचा थोडा भागच आज शिल्लक असला, तरी वरून दिसणारे खाडीचे वळण पाहिल्यावर ही जागा का निवडली गेली असेल, हे सांगावे लागत नाही. नवरात्रात दुर्गादेवीच्या दर्शनास मोठी गर्दी लोटते. नौदलातून निवृत्त झालेली ‘टी-८०’ ही नौका अलीकडे याच परिसरात आणण्यात आली आहे. मुलांना आरमाराची गोष्ट सांगण्यास त्यामुळे एक निमित्त लाभले आहे.

जुन्या गावात सुभेदार वाड्याचा गणेशोत्सव शंभर वर्षांहून अधिक काळ चालू आहे. १८६४ मध्ये स्थापन झालेले सार्वजनिक वाचनालय हे महाराष्ट्रातील जुन्या वाचनालयांपैकी एक. १८६५ मध्ये याच गावी जन्मलेल्या आनंदीबाई जोशी यांनी समुद्र ओलांडून अमेरिका गाठली आणि १८८६ मध्ये फिलाडेल्फिया येथे वैद्यकीय पदवी मिळविली. वर्षभरातच, वयाच्या अवघ्या बाविसाव्या वर्षाच्या आत, त्यांचे निधन झाले. कल्याणहून दूरदेशी गेलेल्यांत त्यांच्याइतका अवघड प्रवास क्वचितच कोणी केला असेल.

संगीताच्या चाहत्यांना कल्याण गायन समाजाचे नाव ठाऊक आहेच. ही संस्था भरवीत असलेल्या देवगंधर्व महोत्सवात देशातील नामवंत कलावंतांनी हजेरी लावली आहे. नाटकांसाठी आचार्य अत्रे रंगमंदिर आहे. खवय्यांनी मात्र घराच्या खिडकीतून विकला जात असल्यामुळे प्रसिद्धीस आलेला कल्याणचा ‘खिडकी वडा’ चाखल्याशिवाय गाव सोडू नये.

डोंबिवली आणि परिसर

डोंबिवलीला बंदराची थोरवी नाही. तिचा विस्तार झाला तो रेल्वेमुळे. मध्यमवर्गीय कुटुंबांनी वसविलेल्या या नगरीत पु. भा. भावे आणि शं. ना. नवरे यांच्यासारखे लेखक राहिले. १९९९ मध्ये येथील गणेश मंदिर संस्थानाच्या पुढाकाराने गुढीपाडव्याची नववर्ष स्वागतयात्रा सुरू झाली आणि पाहता पाहता ती प्रथा राज्यभर पसरली. दिवाळीच्या पहाटे फडके रस्त्यावर जमणारी तरुणाई हाही एक पाहण्याजोगा सोहळा आहे. २०१७ मध्ये नव्वदावे साहित्य संमेलन येथेच पार पडले. सावित्रीबाई फुले कलामंदिरातील कार्यक्रमांना लाभणारी दाद कलावंतांच्या लक्षात राहते.

कल्याणहून कर्जतच्या मार्गावर अंबरनाथचे शिवमंदिर आहे. शके ९८२, म्हणजे इसवी सन १०६० मधील लेख असलेले हे शिलाहारकालीन मंदिर भूमिज शैलीचा उत्कृष्ट नमुना मानले जाते. बाहेरच्या भिंतींवरील शिल्पे पाहण्यास सकाळची वेळ चांगली. महाशिवरात्रीस येथे मोठी यात्रा भरते. कसाऱ्याच्या मार्गावरील टिटवाळ्याचा महागणपती भाविकांना सुपरिचित आहे.

दोन दिवसांचा कार्यक्रम

सवड थोडी असल्यास पहिल्या दिवशी भरतीची वेळ साधून खाडीची सफर करावी, दुपारी ग्रंथसंग्रहालय आणि जुने ठाणे पाहावे, सायंकाळी तलावपाळी आणि रात्री नाटक, असा क्रम ठेवावा. दुसऱ्या दिवशी सकाळी अंबरनाथ, दुपारी कल्याणचे जुने गाव आणि सूर्यास्तास दुर्गाडी. पक्ष्यांसाठी हिवाळा, कोळ्यांच्या सणासाठी श्रावण आणि स्वागतयात्रेसाठी पाडवा हे मुहूर्त ध्यानात ठेवावेत.

काठाची राखण

या सहलीत पाहुण्याच्या नजरेस काही खेदजनक गोष्टीही पडतील. खाडीकाठी जागोजागी राडारोडा आणि कचरा साचलेला दिसतो. काही ठिकाणी खारफुटी विरळ झाली आहे. २६ जुलै २००५ च्या महापुरात उल्हासचे पाणी कल्याण परिसरातील वस्त्यांत शिरले, तेव्हा पाण्याच्या वाटा अडविल्या म्हणजे काय होते, हे सर्वांनी पाहिले. खारफुटीच्या तोडीस उच्च न्यायालयाने २००५ मध्येच मनाई केली आणि २०१८ मध्ये ती अधिक स्पष्ट शब्दांत कायम केली. २०१६ मध्ये कल्याण-ठाणे-मुंबई हा मार्ग ‘राष्ट्रीय जलमार्ग ५३’ म्हणून घोषित झाला. या पाण्यावरून पुन्हा प्रवासी नौका धावू लागल्यास शहरांचे तोंड पुन्हा खाडीकडे वळेल.

परंतु कायदा आणि योजना यांच्या जोडीला लोकांची वर्दळ हवी. ज्या काठावर कोणी फिरावयास जात नाही, त्या काठावर भराव पडला तरी विचारणारा नसतो. मासुंदा तलाव टिकला, कारण ठाणेकर रोज संध्याकाळी तेथे जातात. रेतीबंदर, दुर्गाडी आणि चेंदणीच्या काठांनाही अशीच माणसांची सोबत मिळाली, तर त्यांची राखण आपोआप होईल. कल्याणच्या सामिदत्त सोनाराने आणि नंद लोहाराने आपल्या कमाईतून पाणी आणि वाट दिली होती. त्यांच्या वारसांकडे आज मागणे आहे ते एवढेच, की खाडीचे पाणी वाहते ठेवावे आणि तिच्याकडे जाणारी वाट मोकळी राखावी.